सुगीतली तारीख

फेब्रुवारी सरत आला की विजापूर रोडवर कडब्याचे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी पेंढ्या अशा बाहेर आलेल्या असतात की मागून पाहणाऱ्याला वाटावं, गंजच उठून चालायला लागली आहे. काल सकाळी सिग्नलला अशी एक ट्रॉली माझ्या स्कूटीला खेटून थांबली आणि कडब्याचं एक वाळकं पान माझ्या पांढऱ्या बाहीवर येऊन पडलं. मी ते झटकलं नाही. त्या वासात थोडी धूळ असते, थोडं ऊन असतं आणि धाटाचा फिकट गोडवा असतो. त्या वासाने मी इतकी मागे गेले की सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, निघा की! कोर्ट उठंल तिकडं." काळा कोट तर डिकीत घडी करून ठेवलेला होता. आम्हा वकिलांच्या तोंडावरच काहीतरी लिहिलेलं असावं.

सोलापूरच्या वकिलांना सुगी कॅलेंडरात बघावी लागत नाही. ज्वारी उपटायला आली की पक्षकार आधी गयावया करतात, मग हक्काने सांगतात, "बाई, म्होरल्या म्हैन्यातली घ्या तारीक. रान उभं हाय." एरवी भावाच्या नरडीला हात घालायला निघालेली माणसं सुगीत भांडणही विसरतात. कोर्टाचं आवार ओसाड पडतं. टायपिंगवाल्यांच्या टेबलांवर लिंबाची पानं गळत राहतात आणि चहावाला स्वतःचाच चहा पीत बसतो. मला हे आवार असं रिकामं आवडतं. पण एका सुगीत मी तिथे नव्हते. माझी वकिली तेव्हा घरात खुंटीला लटकत होती आणि ती पुन्हा अंगावर चढेल असं मला वाटत नव्हतं.

नेमकं काय झालं होतं ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही, आजही धड येत नाही. मोठं काही घडलं नव्हतं. केस हरणं, न्यायाधीशांनी बोलणं, अशिलाने रागावून कागद परत मागणं हे तर वर्षानुवर्षं चाललंच होतं. एका दुपारी एक तरुण मुलगी माझ्या टेबलासमोर बसून सांगत होती. नवऱ्याने तिला लेकरासकट घराबाहेर काढलं होतं. ती रडत होती, मी मान हलवत होते, पेन चाललं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, घरी कोथिंबीर आहे की संपली? ती गेल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. तिचं काम मी नीट केलं, तिला पोटगीही मिळाली. पण त्या दिवसापासून कुणाच्याही दुःखाने माझ्या आत काही हलेना. राग नाही, कणव नाही, जिंकल्याचा आनंदसुद्धा नाही.

मग कोट हातात घेतला की हात जड व्हायला लागले. सोलापूरच्या उन्हात काळा कोट घालणं ही शिक्षाच असते, पण ती आम्ही एकमेकांची थट्टा करत भोगतो. आता तोच कोट भिजलेल्या वाकळेसारखा वाटायला लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं लोक आमच्या तोंडावर म्हणतात, आणि आम्ही हसून सांगतो, "म्हणून तर आम्हाला रोज चढावी लागते." दिवाळीनंतर एका सकाळी मी खरोखरच त्या पायरीशी थांबले. वर जाणारे वकील नमस्कार करत होते, मी प्रतिनमस्कार करत होते, आणि पाय काही उचलत नव्हता. मी स्कूटी वळवून घरी आले.

डॉक्टर म्हणाले, बर्नआउट. नवरा म्हणाला, विश्रांती घे. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल, आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. मी तिघांचंही ऐकलं. माझी कामं श्रीनिवासने अंगावर घेतली. तो माझ्याबरोबर लॉ कॉलेजला होता. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, कोर्टात मराठी आणि चिडला की हिंदी. "तू बस गं घरी," तो म्हणाला. "मी मुदती मागत राहतो. ते तर मला झोपेतसुद्धा जमतं."

आमचं घर जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. समोर एक मोठा प्लॉट आहे. चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण त्या प्लॉटवर कोर्टाची स्थगिती आहे, म्हणून तिथे अजून ज्वारी येते. नवरा म्हणायचा, "तुमच्या धंद्याने केलेलं एवढं एकच पुण्याचं काम." त्या हिवाळ्यात मी गॅलरीत खुर्ची टाकून ती ज्वारी बघत बसायचे. सकाळी पानांवरचं दंव आधी पांढरं दिसायचं, मग चमकायचं, मग जायचं. धाटांच्या पोटऱ्यांतून कणसं निसवून बाहेर आली. संक्रांतीच्या आसपास दाणे दुधाळले तेव्हा साळुंक्या आणि चिमण्या थव्याने यायला लागल्या आणि राखणारा म्हातारा पत्र्याचा डबा बडवत बांधाने फिरू लागला. पाखरं उठायची आणि आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची. म्हातारा आमच्या टाकीलाही शिव्या द्यायचा. मी ते सगळं बघायचे आणि मला काहीच वाटायचं नाही. लोक म्हणतात रिकामपण खायला उठतं. मला ते खायलाही उठत नव्हतं.

मुलगी पुण्याहून फोन करून विचारायची, "आई, आज काय केलंस?" मी सांगायचे, ज्वारी बघितली.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात आलीच तर कामांमधली दोनच माणसं यायची. गंगव्वा आणि बिराप्पा. दोघं बहीण-भाऊ, मंद्रूपच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. गंगव्वामावशी माझ्या पक्षकार, म्हणजे वादी. कोर्टाच्या कागदांत त्यांचं नाव गंगूबाई. बिराप्पा त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे प्रतिवादी. दावा बापाच्या जमिनीतल्या हिश्शाचा. मावशींचा नवरा वारला होता, मूल नव्हतं, मेंढरांमागे चालायला गुडघे साथ देत नव्हते. सासरी जमिनीचा तुकडा नाही. बापाच्या रानात आपलं काही आहे ते मिळावं, कडेला एक खोली बांधावी आणि चार शेळ्या पाळून राहावं, एवढंच त्यांचं मागणं. समोरून उत्तर आलं होतं की वादीचा जमिनीशी काहीएक संबंध नाही. खाली बिराप्पांचा अंगठा होता.

आमच्या भागात बहिणीने हिस्सा मागायचा नसतो. लग्न झालेल्या बहिणी तहसिलात रांगेने उभ्या राहून हक्कसोड लिहून देतात, आणि त्या बदल्यात त्यांना माहेर मिळतं, म्हणजे दिवाळीला लुगडं, उन्हाळ्यात चार दिवस राहणं आणि पोरांना मामा. मागितलं की माहेर तुटलं. मी स्वतः बहिणींच्या बाजूने तावातावाने दावे चालवलेली बाई, पण माझ्या भावाच्या नावाने हक्कसोड मीही लिहून दिली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला ते नैसर्गिकच वाटलं होतं. आता भाऊ बंगळुरात असतो. भाऊबीजेला मोबाईलवर ओवाळणीच्या ताटाचं चित्र पाठवतो आणि मी त्याला नमस्काराचे दोन हात पाठवते.

आणि ही दोघं, ज्यांचं कोर्टात भांडण, एकाच एसटीने यायची. बिराप्पांचं गाव आधी लागतं, मावशींचं नंतर. बिराप्पा खिडकीजवळची जागा धरून शेजारी पटका ठेवायचे, आणि मावशी चढल्या की पटका उचलून डोक्याला गुंडाळायचे. स्टँडपासून कोर्टापर्यंत ते पुढे आणि त्या दोन हात मागे अशी चालत यायची. लिंबाखाली फडकं पसरून मावशींच्या भाकरी आणि बिराप्पांची शेंगाचटणी. येताना ते बहिणीला रानातलं काहीतरी आणायचे, कधी बोरं, कधी हरभऱ्याचा ढाळा, कधी हुरड्याची कणसं. पुकारा झाला की दोघं तोंड पुसून आत यायची आणि विरुद्ध बाजूंना उभी राहायची.

एका वर्षी तर दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तारखेला मावशींनी पिशवीतून तबक काढलं. टायपिंगवाल्याच्या स्टुलावर बिराप्पांना बसवलं, कुंकू लावलं, निरांजन वाऱ्याने विझत होतं म्हणून टायपिंगवाल्याने आपलं कार्बनचं खोकं आडवं धरलं, आणि वादीने प्रतिवादीला ओवाळलं. बिराप्पांचे वकील माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ही तडजोड समजायची का?" आम्ही दोघं खूप हसलो. आत जाऊन त्यांनी मुदतीचा अर्ज दिला आणि मी सवयीप्रमाणे त्याला विरोध केला.

घरी बसल्यावर मला ते हसणं आठवायचं. तेव्हा हसू आलं होतं, म्हणजे तेव्हा मी जिवंत होते, असा हिशेब मी करायचे.

ज्वारी हुरड्याच्या पुढे सरकून टणक होत आली होती, तेव्हा एका सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर गंगव्वामावशी. हातात फडक्यात बांधलेली कणसं, पायाला मुरमाची धूळ. तीन जिने चढून धाप लागली होती. लिफ्ट दाखवली असती तरी त्या बसल्या नसत्या. पत्ता त्यांना श्रीनिवासने दिला होता.

पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "तोंड लई उतारलंय वो बाई. शिरीनिवास वकील म्हन्ले, बाई दमल्यात."

"दमले नाही, मावशी. मनच लागत नाही कशात."

"आमच्यात मोटार जळती बघा. हिरीत पानी नसताना चालूच ऱ्हायली की जळती."

"तसंच झालंय काहीतरी."

"मग वायंडिंग करून आनत्यात की! टाकून देतंय व्हय कोन?" असं म्हणून त्या फडकं सोडायला लागल्या. ज्या तऱ्हेने डॉक्टर, नवरा आणि सासूबाई माझ्याशी बोलत होते, त्यात एक जपणं होतं. मावशींच्या बोलण्यात ते अजिबात नव्हतं, आणि मला एकदम बरं वाटलं.

त्या नुसती कणसं द्यायला आल्या नव्हत्या. काम होतं. पुढच्या तारखेला बिराप्पांची साक्ष होती. "तुमी या," त्या म्हणाल्या. "त्येला तुमी इचारा."

मी समजावलं की उलटतपासणी श्रीनिवास घेईल, तो माझ्यापेक्षा चांगली घेतो.

"चांगलं हायती वो ते. पर लई टाकून बोलत्यात. परवा एका म्हाताऱ्याला इचारत हुते, माज्याच अंगाला घाम सुटला. अण्णाला आसं बोलले तर त्यो बावचळून जाईल."

मला हसू फुटलं, कित्येक दिवसांनी. "मावशी, उलटतपासणी त्यासाठीच असते. समोरच्याला बावचळून सोडायचं. ते आपले विरोधक आहेत."

"इरोधक हाय की. पर अण्णा हाय." त्यांनी एक कणीस हातात घेऊन उगीच फिरवलं. "त्येची पोरं येनार हायती म्हागं बसाय. ध्यान ठिवाय. आनी त्येला तितं बोलायचं हाय, बाई."

"काय बोलायचंय?"

मग त्यांनी सांगितलं. जमीन मागायला त्या पहिल्यांदा भावाकडे गेल्या तेव्हा भावजय आणि दोन्ही भाचे अंगावर धावून आले होते. बिराप्पा ओसरीवर खाली मान घालून बसले होते. रात्र न राहता मावशी परत निघाल्या तेव्हा ते एसटीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "गंगे, ह्या घरात माजं कुनी ऐकत न्हाय. तू केस कर माज्यावर. तितं मला इचारलं तर मी सांगीन."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही त्यांनी?"

"कुनी इचारलंच न्हाय की वो अजून," मावशी म्हणाल्या.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलांनी वकील दिला, वकिलाने उत्तराची कैफियत लिहिली, त्यांनी अंगठा दिला. पुढे मुदती, बदल्या, सुट्ट्या, सुग्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून त्या माणसाला एक प्रश्न विचारायची पाळीच आली नव्हती. आणि तोवर ही दोघं तारखेला भेटत होती. "घर तर बंद झालं," मावशी म्हणाल्या. "तारकंला गाठ पडती, त्येवढंच म्हायार. पर आता अण्णा थकलाय. दम लागतुया त्येला. सांगायचं ऱ्हाऊन गेलं तर?"

त्या गेल्यावर मी कणसं गॅसवर भाजायला घेतली. गॅलरीतून बघितलं तर समोरच्या प्लॉटमध्ये उपटणी सुरू झाली होती. दोघं नवराबायको वाकून एकेक धाट मुळासकट काढत होती, आपटून माती झाडत होती आणि आडवं टाकत होती. मी बघत होते आणि डोक्यात प्रश्न लागायला लागले. आधी रानाचं विचारायचं. बापाचं विचारायचं. हिश्शाचं एकदम विचारायचं नाही, ते बुजतील. मुलांकडे त्यांची पाठ होईल असं आपण कुठे उभं राहायचं? मी तोंडाने पुटपुटत होते. कणसं जळली तेव्हा नवरा आतून धावत आला. मी त्याला म्हटलं, "माझा कोट इस्त्रीला टाक ना." त्याने आधी गॅस बंद केला आणि मग माझ्याकडे बघून स्वयंपाकघरातच स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. इतके महिने तो किती घाबरलेला होता ते मला तेव्हा कळलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती, सुगीच होती. बिराप्पा पिंजऱ्यात आले, पटका काढून काखेत धरला. फार वाळले होते. दोन्ही मुलं मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. मी मुद्दाम खिडकीकडे सरकून उभी राहिले, म्हणजे माझ्याकडे बघताना त्यांना मुलं दिसू नयेत. पण त्या बाजूलाच गंगव्वामावशी होत्या.

मी रानात कोणता माल येतो ते विचारलं. विहीर कुणी पाडली ते विचारलं. वडील रानात असले की भाकरी कोण घेऊन जायचं, असं विचारलं.

"ही की."

"ही म्हणजे कोण?"

"गंगी. माजी भैन. एवढीशी हुती. पाटीखाली दिसायची न्हाय."

समोरचे वकील उठून म्हणाले, याचा दाव्याशी काय संबंध? न्यायाधीश म्हणाले, विचारू द्या. मी पुढचा कागद उलटला. मग विचारलं, "वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा आहे, हे म्हणणं खरं आहे का?"

मागचा बाक करकरला. बिराप्पांनी न्यायाधीशांकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही. बहिणीकडे बघून म्हणाले, "हाय की. तिचं हाय. बा गेला तवापास्नं निम्मं तिचं हाय. मी राखलंय नुसतं."

मुलं उठून बाहेर गेली. बिराप्पांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी मजकूर सांगितला, टंकलेखकाने तो टाईप केला, बिराप्पांनी अंगठा दिला आणि पिंजऱ्यातून उतरताना चप्पल घालायची विसरले. त्या दिवशी मुलांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं. मावशी एसटीने एकट्या गेल्या.

माझं काय झालं त्या दिवशी, ते लिहायला मला अजूनही संकोच वाटतो. मी बार रूममध्ये जाऊन कोपऱ्यात बसले आणि खूप रडले. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झालेला असतो, आणि रक्त परत येताना जीव नकोसा होतो, तसं ते दुखत होतं. श्रीनिवास येऊन शेजारी बसला. "परत येतेस ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "तुझे अशील मला तुझ्या नावाने शिव्या देतात." दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. आता मी कमी कामं घेते, रविवारी फोन बंद ठेवते, आणि समोरचं माणूस रडायला लागलं की पेन खाली ठेवते. पण सकाळी कोट अंगात घालताना आज काय होणार आहे याची उत्सुकता वाटते. ती परत मिळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

पुढच्या सुगीत बिराप्पा गेले. ज्वारी उपटता उपटता बांधावर बसले ते बसलेच. त्यानंतरच्या तारखेला मला काही माहीत नव्हतं. गंगव्वामावशी लिंबाखाली उभ्या होत्या. मी विचारलं, "आज अण्णा कुठे?"

"आज हुभ्यानं आले, बाई," त्या म्हणाल्या. "गाडीला लई गर्दी हुती. जागा कुनी धरली नव्हती."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्यांचा हात धरला, पण त्या रडत नव्हत्या. मातीला गेल्या होत्या. कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. बायकांच्या मागे उभ्या राहून लांबून तोंड बघितलं आणि तशाच परतल्या. आत पुकारा झाला. शिपायाने नेहमीच्या सुरात बिराप्पांचं नाव घेतलं, दोनदा, तीनदा. मी उठून सांगितलं की प्रतिवादी मयत आहेत. हे वाक्य मी आयुष्यात असंख्य वेळा बोलले असेन. त्या दिवशी ते मला दोनदा बोलावं लागलं. घरी जाताना मला धास्ती वाटत होती की आता उद्या परत पायरीशी पाय थांबणार. तसं झालं नाही. दुःख फार झालं, पण काम करता आलं.

बिराप्पांच्या जागी त्यांची बायको आणि मुलं दाव्यात आली. भावजय तारखेला यायची, लांब भिंतीकडेला बसायची, मावशींकडे बघायची नाही. कपाळ मोकळं, हातात पिशवी. मावशीही बघायच्या नाहीत. दोघींचं माणूस एकच गेलं होतं आणि दोघी दोन टोकांना बसून असायच्या. मला ते बघवत नसे.

काल अखेरचा युक्तिवाद होता. न्यायाधीश आता बदलून आलेल्या एक बाई आहेत, बिराप्पांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. समोरच्या वकिलांकडे एकच रस्ता उरला होता आणि त्यांनी तो धरला. म्हणाले, मयत प्रतिवादी वृद्ध होते, आजारी होते, साक्षीच्या वेळी त्यांची बुद्धी ठिकाणावर नव्हती, आपण काय बोलतो हे त्यांना समजत नव्हतं. तो कबुलीजबाब धरू नये. ते बराच वेळ बोलले. भ्रम, वार्धक्य, विस्मरण असे शब्द येत होते. न्यायाधीश लिहून घेत होत्या. मावशी माझ्याकडे बघत होत्या. भ्रम म्हणजे काय ते त्यांना कळलं नसेल, पण अण्णाचं बोलणं कोणीतरी पुसून टाकतंय एवढं कळलं होतं. ते पुसलं गेलं तर जमीन जाणार होती, आणि जमिनीपेक्षा मोठं काहीतरी.

मी उठले. आधी साक्षीच्या कागदावरचं वाचलं. "हे म्हणणे खरे आहे की, वादी ही माझी सख्खी बहीण असून वडिलोपार्जित जमिनीत तिचा निम्मा हिस्सा आहे." मग कागद खाली ठेवला. म्हटलं, "मॅडम, मी तेव्हा समोर होते. वडिलांना रानात भाकरी कोण न्यायचं हे ज्याला आठवतं, विहीर कुणी पाडली हे जो न अडखळता सांगतो, त्याची बुद्धी ठिकाणावर नव्हती असं म्हणता येणार नाही. बहिणीकडे बघून ते म्हणाले होते, 'तिचं हाय. मी राखलंय नुसतं.'"

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भावजय उठून उभी राहिली होती, मांडीवरची पिशवी खाली पडली होती. धाकटा मुलगा तिचा पदर ओढून तिला बसवू बघत होता. तिने त्याचा हात झटकला.

"येडा नव्हता माजा मालक," ती म्हणाली. "डोसकं ठिकानावर हुतं त्येंचं. मरूस्तवर हुतं. त्येंनी सांगिटलं ते खरं सांगिटलं. जिमीन कुनाला बी द्या, पर त्येंला येडा म्हनू नगा."

शिपाई तिच्याकडे धावला. समोरचे वकील वळून मुलांना काहीतरी दटावत होते. शपथेवर नसलेल्या बाईचं हे बोलणं कुठल्याही कागदावर येणार नव्हतं. गंगव्वामावशींनी तोंडात पदर कोंबला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भावजयीकडे बघत होत्या.

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. मग त्या मला म्हणाल्या, "बोला, वकीलबाई. पुढे बोला."

माझे डोळे भरलेले होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं. मी बोलायला लागले.